घडी मोडा, खिसा सांभाळा

सातारा-सांगलीकडे घरात कुणी गेलं की दिवसकार्य उरकल्यावर जवळचे पाहुणे दुखवटा घेऊन येतात. भावाला टॉवेल-टोपी, बहिणीला साडी, सोबत गोडाचा घास. नवी साडी नेसली म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणारीलाही. पण अंगावर कोरं कापड आलं की बाईला पुन्हा शेतात, बाजारात, चार माणसांत जायची मोकळीक मिळते. गावच्या यात्रेला कापडं, दिवाळीला कापडं, डोहाळजेवणाला हिरवी साडी, माहेरहून आलेला बाळंतविडा. उतरलेलं मन आणि नवं कापड यांचं नातं आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

पूर्वी एवढंच होतं की कापडाला निमित्त लागायचं आणि ते पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून यायचं. आता निमित्ताची वाट कुणी बघत नाही. ऑफिसात साहेब बोलले, मुलाचा निकाल मनासारखा लागला नाही, लग्नाची बोलणी फिसकटली, किंवा काहीच झालं नाही, नुसतंच उदास वाटतंय, की पाय साताऱ्याच्या राजपथाकडे नाहीतर सांगलीच्या मारुती रोडकडे वळतात. तेवढंही चालायचं नसेल तर अंथरुणात पडल्यापडल्या मोबाईल आहेच. मग दोन तऱ्हा दिसतात. काहीजण पिशवी घरात आणताना अपराध्यासारखे वागतात आणि साडी नवऱ्याला दिसू नये म्हणून कपाटाच्या तळाशी सारतात. काहीजणांना त्याचं काहीच वाटत नाही, पण महिनाअखेरीस दूधवाल्याला तोंड चुकवावं लागतं.

या दोन्ही तऱ्हांची गरज नाही. कपड्यांच्या खरेदीने मन खरोखर हलकं होतं, मात्र ते कशाने होतं हे नीट कळलं पाहिजे. ते कळलं की थोड्या पैशात पुष्कळ समाधान मिळवता येतं.

निवडण्यात सुख आहे

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले स्कॉट रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उदास झालेल्या माणसांपैकी काहींना वस्तू नुसत्या पाहायला दिल्या आणि काहींना त्यांतून आपल्यासाठी निवड करायला सांगितलं. निवड करणाऱ्यांची उदासी जास्त उतरली. कारण सरळ आहे. माणूस खचतो तेव्हा आपल्या हातात काहीच राहिलेलं नाही असं त्याला वाटत असतं. हा नको, तो दाखवा, याचा काठ मोठा आहे, त्यातला जांभळा काढा, असं म्हणताना निदान एका गोष्टीवर तरी आपला हुकूम चालतो. त्यातही लक्षात ठेवण्यासारखं हे की त्यांच्या काही प्रयोगांत खरेदी काल्पनिक होती. खिशातून एक पैसा न जाताही निवडणाऱ्यांना बरं वाटलं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अशी की रागावर या उपायाचा असा गुण आला नाही. उदासी आणि संताप हे वेगळे आजार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आणि एक धोक्याची सूचना. २००८ मध्ये सिंथिया क्रायडर, जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दुःखी प्रसंगाची चित्रफीत पाहिलेली माणसं पाण्याच्या साध्या बाटलीला इतरांपेक्षा कितीतरी जास्त पैसे द्यायला तयार होतात. आपण जास्त देतोय ते दुःखामुळे, हे मात्र त्यांना उमगत नाही. मन जड असलं की हात सैल सुटतो. घासाघीस करायचं त्राण नसतं, ‘जाऊ दे, द्या बांधून’ असं तोंडातून निघून जातं.

तेव्हा या लेखातला मुख्य नियम एवढाच: निवडायला भरपूर वेळ द्या आणि पैसे द्यायची घाई करू नका. पुढचं सगळं या नियमातून निघतं.

घरातून निघण्याआधी

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी चिडलेय की खचलेय? जावेशी खटका उडाला असेल, भावकीत बांधावरून वाजलं असेल, तर दुकानाकडे फिरकू नका. रागाच्या भरात घेतलेला कपडा बहुधा कुणाला तरी दाखवायला घेतलेला असतो आणि पुढे तो कपाटात दिसला की भांडण आठवतं. अशा दिवशी साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्याची चढण चढा, सांगलीत असाल तर आमराईत चार फेऱ्या मारा. घाम निघाला की राग निम्मा होतो.

खचलेपण असेल तर जरूर जा. पण उपाशीपोटी जाऊ नका. दमलेलं, भुकेलं माणूस निवडत नाही, सुटका करून घेतं. दुपारचं जेवण करून, ऊन कलायच्या आत दुकानात पोचा. त्या वेळी पेठेत गर्दी कमी असते, दुकानातला माणूस निवांत असतो आणि बाहेर रंग पाहण्यापुरता उजेडही असतो.

कार्ड घरी ठेवा. मोबाईलवरून पैसे देण्याची सवय असेल तर त्या दिवशी ठरलेली रक्कम रोख घ्या, शंभर-दोनशेच्या नोटांत. नोटा मोजून देताना हात थोडा अडखळतो, आणि ते अडखळणंच आपल्याला हवं आहे. ऊसबिल जमा झालेल्या किंवा बोनस हातात पडलेल्या आठवड्यात मनाची उभारी म्हणून खरेदीला निघू नका. त्या आठवड्यात कुठलीच किंमत मोठी वाटत नाही.

सोबत कोण असावं हेही महत्त्वाचं. ‘घे गं, एवढं काय बघतेस’ म्हणणारी मैत्रीण गप्पांना चांगली, खरेदीला वाईट. ‘हा रंग तुझ्याकडे आधीच आहे’ असं तोंडावर सांगणारी मावशी किंवा नणंद बरोबर घ्या. तिच्याशी बोलताबोलता मनातलं अर्धं तिथंच निघून जातं.

पेठ अशी फिरावी

साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजपथाने मोती चौकाकडे निघा आणि खणआळीत शिरा. सांगलीत मारुती रोड, हरभट रोड आणि कापडपेठ हा फेरा. मिरजेकडे लक्ष्मी मार्केटच्या आसपास. या जुन्या पेठांचा मोठा फायदा असा की दुकानं खेटून आहेत. एका दुकानात आवडलेली वस्तू मनात ठेवून पुढच्या चार दुकानांत तुलना करता येते. पहिल्या फेरीत काहीही घ्यायचं नाही, फक्त बघायचं, हा दंडक पाळा. फेरी संपल्यावर एखाद्या ठिकाणी बसून चहा घ्या. चहा पिताना जी वस्तू पुन्हापुन्हा आठवते तिच्यासाठीच मागे फिरा. काहीच आठवलं नाही तर घरी जा. फिरणं झालं, रंग डोळ्यांत भरले, उदासी थोडी उतरली, पैसे शाबूत राहिले. हीसुद्धा यशस्वी खरेदीच आहे.

दुकानदाराच्या भिडेपोटी गिऱ्हाईक फार फसतं. त्याने पंचवीस साड्या उलगडल्या, आता रिकाम्या हाताने कसं उठायचं, ही आपल्याकडची मोठी अडचण. पण उलगडणं आणि घडी घालणं हे त्याचं रोजचं काम आहे. बसतानाच स्वच्छ सांगा, ‘आज नुसतं बघतेय, पटलं तर घेईन.’ जुने दुकानदार याचा राग मानत नाहीत. उलट पाणी-चहा पाजून तासभर दाखवतील आणि उठताना ‘या पुन्हा’ म्हणतील, कारण आज बघून गेलेली बाई दिवाळीला घरच्या चौघांना घेऊन येते हे त्यांना माहीत असतं.

वेळ निवडता येत असेल तर आषाढ गाठा. लग्नसराई आटोपलेली, सण अजून लांब, त्यामुळे दुकानांत आषाढ सेल लागतात. पावसाची झड, शाळांचा नुकताच झालेला खर्च आणि दिवसभर न दिसणारं ऊन यामुळे मन उतरायचेही हेच दिवस. मात्र सेलमधला माल दोनदा तपासा. घडीवर पिवळी रेघ पडली आहे का, काठाला कसर लागली आहे का, कुठे डाग आहे का, ते बघा. सांगलीत ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी थेट हरभट रोड, मारुती रोड, कापडपेठेतल्या दुकानांत शिरलं होतं. पाणी लागलेल्या कापडाला वरून इस्त्री मारली तरी घडीच्या आतल्या बाजूला कुबट वास राहतो. नाक लावून बघायला लाजू नका.

थान उलगडल्यावर

कापड हातात आल्यावरची पहिली पाच मिनिटं हीच या सगळ्या खटाटोपाची गोडी, ती घाईत घालवू नका.

समजा, खण बघताय. खण मुळात कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, चोळीसाठी विणलेला, दोन्ही कडांना काठ आणि मधे बारीक नक्षी. साताऱ्याच्या खणआळीच्या नावातच तो आहे. आता त्याच्या साड्या, कुर्ते, जाकिटं, मुलींची परकर-पोलकी सगळं निघतं, आणि यंत्रावर विणलेली नक्कलही ढिगाने येते. तेव्हा घडी सोडायला सांगा. सुलट बाजू बघून झाली की उलट बाजू बघा. नक्षीचे धागे मागे लांबलांब लोंबत असतील तर ते बांगडीत अडकणार आणि दोन महिन्यांत काठ ओढला जाणार. मग कापड उचलून दुकानाच्या दारापर्यंत न्या. आतल्या पांढऱ्या दिव्याखाली जो रंग गर्द डाळिंबी वाटला तो उजेडात विटकरी निघू शकतो. कापड उजेडासमोर आडवं धरलं की वीण घट्ट की विरळ ते दिसतं. त्यानंतर कोपरा मुठीत धरून चुरगळा आणि सोडा. सुती असेल तर सुरकुत्या राहतात, पॉलिएस्टर लगेच सरळ होतं. रुमालाचं टोक ओलं करून गडद रंगावर घासा, रुमालाला रंग लागला तर तो रंग पहिल्या धुण्यात निम्मा जाणार.

घरी आणल्यावर आणखी खात्री करायची असेल तर कडेचा एक सुटा धागा ओढून, चिमट्यात धरून, मोरीत जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास सोडून राख होतो, रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. एकदा हे करून बघितलं की ‘प्युअर सिल्क’ या शब्दाला कुणी सहज फसत नाही.

शेवटची परीक्षा आरशाची. कापड खांद्यावर टाका आणि कापडाकडे न बघता स्वतःच्या चेहऱ्याकडे बघा. चेहरा उजळला तर रंग आपला. कापडच तेवढं उठून दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

कटपीस आणि शिंपी

कमी पैशात जास्त दिवस टिकणारा आनंद हवा असेल तर तयार कपड्याऐवजी कापड घ्या. आपण कापडाच्या मुलखातच राहतो. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तिथून ते गाव यंत्रमागांचं झालं. इकडे खानापूर तालुक्यात विट्यालाही यंत्रमागांची खडखड आहे. कटपीसच्या दुकानात शर्टाचं, कुर्त्याचं, ब्लाऊजचं कापड तयार कपड्याच्या मानाने स्वस्तात मिळतं. पन्हा विचारून घ्या. छत्तीस इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण सव्वादोन मीटर लागतं, मोठ्या पन्ह्यात त्याहून बरंच कमी.

एका कपड्याचा आनंद इथे चार हप्त्यांत मिळतो. आज कापड निवडलं. दोन दिवसांनी माप द्यायला गेलात, गळा गोल की पानाचा, बाही कोपरापर्यंत की आखूड, पाठीला नाडी लावायची का, यावर शिंपीदादांशी वाटाघाट झाली. मग आठवडाभर वाट पाहिली. आणि शेवटी तो दिवस, जेव्हा हँगरवर आपलं कापड कपडा होऊन लटकलेलं दिसतं. तयार कपड्यात हे सगळं दहा मिनिटांत उरकतं, आणि घरी पोचेपर्यंत त्याची नवलाई ओसरायला लागते.

काही गोष्टी सांभाळा. सुती कापड आणि अस्तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज मापाला द्या. शिवणीत आतून बोटभर कापड सोडायला सांगा, अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. उरलेलं कापड मागून घ्या, बटव्याला किंवा नातीच्या फ्रॉकला येतं. आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नवीन काम घेऊन जाऊ नका. त्या दिवसांत शिंप्याच्या दुकानात मनःशांती मिळत नाही.

हिशेब

कपड्याची खरी किंमत चिठ्ठीवर नसते. तो किती वेळा अंगावर येईल यावर ती ठरते. तीन हजारांची साडी दोन लग्नांत नेसली तर एका नेसण्याला दीड हजार पडले. सहाशेचा कुर्ता वर्षभरात साठ वेळा घातला तर एका वेळेला दहा रुपये. मन हलकं करण्यासाठी जी खरेदी करायची ती या दुसऱ्या जातीची असू द्या. रोज अंगावर येणारा कपडा रोज थोडं बरं वाटायला लावतो. लग्नाचा बस्ता ही वेगळी गोष्ट. तिथे मानपान, देणंघेणं, नातेवाइकांच्या नजरा सगळं मध्ये येतं. बस्त्याच्या दिवशी मन हलकं होण्याची अपेक्षाच ठेवू नये.

रक्कम अगोदर ठरवा. घरखर्च, हप्ते, शाळेची फी बाजूला काढून महिन्याला जे दोनशे-तीनशे मोकळे राहतात ते हौसेच्या डब्यात टाका. डब्यात असेल तेवढीच हौस. साड्यांची भिशी लावणाऱ्यांनी ती ओळखीच्या बायकांत, छोट्या रकमेची आणि वहीत नोंद असलेली लावावी. भिशी चालवणारा फार मोठं व्याज किंवा बक्षीस सांगत असेल तर लांब राहा. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढच्या महिन्यावर ढकलली तर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के किंवा त्याहूनही वर जाऊ शकतं. उदासी घालवायला आणलेली साडी मग स्वतःच उदासीचं कारण होते.

कराचंही थोडं माहीत असावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. म्हणजे २,५०० ची रेघ ओलांडली की किंमत एकदम उडी घेते. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा कर लावून कुणी मागितला तर देऊ नका.

बिल नेहमी घ्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून गप्प बसायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं. घरी आल्यावर रंग आवडला नाही, ही तक्रार त्यात बसत नाही, पण फाटका किंवा डागाळलेला माल निघाला तर तुमची बाजू भक्कम आहे. आधी दुकानात शांतपणे बोला, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

रात्रीचा मोबाईल

सगळ्यात महाग खरेदी रात्री अकरानंतर होते. झोप येत नाही, बोलायला कुणी नाही, आणि पडद्यावर ‘फक्त दोन तास शिल्लक’ असं लाल अक्षरांत पळत असतं. इथे पोत कळत नाही, अंगावर धरून बघता येत नाही, दुकानदाराशी दोन शब्द नाहीत. मावशी तर सोबत नाहीच.

पूर्ण सोडा असं म्हणणार नाही. गावात दुकान नाही, पायाला दुखणं आहे, मापाचे कपडे मिळत नाहीत, अशांना मोबाईलचा मोठाच आधार आहे. फक्त निवडायचं काम रात्री करा आणि पैसे द्यायचं सकाळी. आवडलेलं सगळं टोपलीत टाकून ठेवा आणि मोबाईल बंद करा. निवडीचा आनंद तेवढ्यावरही मिळतो, हे वर पाहिलंच. सकाळी दूध तापवताना टोपली उघडा. त्यातलं पुष्कळसं नकोसं झालेलं असतं. जे उरेल त्याची मापं इंचात ताडून बघा, परतीच्या अटी वाचा, मगच मागवा. आणि कार्डाची माहिती ॲपमध्ये साठवून ठेवू नका. सोळा आकडे हाताने भरायला लागले की निम्मी हौस तिथेच फिटते.

आधी कपाट उघडा

पेठेत जाण्याआधी घरातल्या कपाटाची एक फेरी मारा. नवी आणलेली आणि घडीही न मोडलेली साडी जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. ती ‘चांगल्या वेळेसाठी’ ठेवलेली असते आणि चांगली वेळ येईपर्यंत घडीवर विरते. ती बाहेर काढा. गुरुवारी दत्ताला जाताना नेसा, बँकेत जाताना नेसा, काही कारण नसताना नेसा. कोरी घडी मोडण्याचा आनंद पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या साडीतही तसाच असतो, शिवाय त्याचे पैसे कधीच देऊन झालेले आहेत.

मग बाकीचं. ढगळ झालेला शर्ट आवळून घ्या. आखूड झालेल्या कुर्त्याला खणाची पट्टी लावली की तो नवा होतो. काठ शाबूत आणि अंग विरलेली साडी असेल तर काठ काढून दुसऱ्या कापडाला लावा. मऊ सुती लुगडी आणि साड्या वाकळेसाठी बाजूला ठेवा. आईच्या साडीची वाकळ अंगावर घेण्यात जी ऊब आहे ती कुठल्याही सेलमध्ये मिळत नाही. उरलेलं बोहारणीला द्या, आणि एखाद्या पातेल्यासाठी तिच्याशी मनसोक्त घासाघीस करा. तीसुद्धा खरेदीच आहे.

गरजूंना देताना मात्र जरा विचार करा. २०१९ च्या पुरात मदत म्हणून ठिकठिकाणांहून वापरलेल्या कपड्यांचे ढीग आले, तेव्हा जुने कपडे पाठवू नका अशी आवाहनं करावी लागली. ज्याचं सगळं वाहून गेलं त्याला दुसऱ्याचा विटका सदरा घालताना आणखी खचल्यासारखं होतं. द्यायचंच तर धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून द्या. जमलं तर एकच पण नवं द्या, आणि शक्य झालं तर घेणाऱ्याला दोन-तीन रंगांतून निवडू द्या.

दुसऱ्यासाठी घ्या

एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की स्वतःवर पैसे खर्च करणाऱ्यांपेक्षा दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी आढळले. दुखवटा, आहेर, भाऊबीज यांत आपण हेच करत आलो. मन उतरलं असेल आणि डब्यात चारशे रुपये असतील, तर वडिलांसाठी एक मऊ बंडी किंवा सदरा घ्यायला जा. म्हातारी माणसं स्वतःसाठी कधी घेत नाहीत. ‘आता कुणासाठी नटायचं’ म्हणतात. त्यांना बरोबर घेऊन जा, खुर्चीवर बसवा आणि त्यांनाच निवडू द्या. तुम्ही निवडलेलं ते ठेवून देतील, त्यांनी निवडलेलं घालतील.

घरात एकटी राहिलेली बाई असेल तर तिला विशेष करून न्या. सांगलीपासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. ठराव झाला, पण दुकानात गेल्यावर ‘मला फिकाच रंग दाखवा’ असं ती आपणहून म्हणते. तेव्हा तिच्याशी वाद घालू नका. दुकानदाराला हळूच सांगा की काकूंसमोर गर्द हिरवा आणि डाळिंबीही उलगडून ठेवा. हात कुठल्या थानावर रेंगाळतो ते बघा आणि तेच बांधून घ्या.

पुरुषांनीही हा लेख बायकांचा समजून उलटू नये. तीन पांढरे शर्ट आणि एक सफारी यांत आयुष्य काढलेल्या कितीतरी काकांना निळा कुर्ता अंगावर आला की पाठ ताठ करून चालताना पाहिलं आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात, रोज इस्त्रीचे कपडे घालून जायचं ठिकाण गेलं की मन फार खातं. त्यांनी जरूर एक कापड निवडावं, शिवायला टाकावं आणि ते नियमाने घालून बाहेर पडावं.

एवढ्याने भागत नसेल तर

खरेदीचा उपाय एक-दोन दिवसांच्या उदासीवर चालतो. त्याच्या पलीकडचं दुखणं ओळखता आलं पाहिजे. पिशव्या न उघडता पडून राहतात, घरच्यांपासून बिलं लपवावी लागतात, खरेदी केली नाही तर जीव कासावीस होतो, कपड्यासाठी उसने घेतले जातात, ही लक्षणं दिसली तर हौसेने सीमा ओलांडली आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी खरेदीच्या या अनावर ओढीची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केली होती. तेव्हा ही कुणाच्या स्वभावाची खोट नाही, उपचार करण्याजोगा त्रास आहे.

तसंच, दोन-दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच गेलं असेल, कशातच राम वाटत नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर पेठेत वेळ घालवू नका. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. सातारचं जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं इथे डॉक्टरांना भेटा. सोबत जायला कुणी हवं असेल तर खरेदीला नेता त्याच मावशीला न्या.

बाकी साध्या उतरलेल्या दिवसासाठी एवढं करा. पोटभर जेवा, मोजके पैसे घ्या, सोबत स्पष्ट बोलणारं माणूस घ्या, आणि पहिली फेरी हात बांधून मारा. घेतलंत तर त्याच आठवड्यात घडी मोडा. कपाटात ठेवलेलं कापड कुणाचंही मन हलकं करत नाही.